अठरावर पाणी

२ फेब्रुवारी

ती. मामांना,
उमेदवार भाच्याचा वाकून नमस्कार.

आईनं शेजारच्या भिंतीवरून बातमी तुमच्यापर्यंत पोचवली असेलच, तरी रीतसर कळवतो. जिल्हा मंडळाच्या निवडणुकीत आपल्या गावाच्या जागेवर मी उभा आहे. मतदान सोळा मार्चला. फोन केला होता, पण तुम्ही म्हणालात की फोनवर मी नुसतं "हो मामा, हो मामा" करतो आणि ऐकत काही नाही, तेव्हा असेल ते कागदावर लिही. म्हणून लिहितो आहे.

आपला जिल्हा झपाट्यानं वाढतो आहे. ही वाढ अंगावर येऊ द्यायची की तिला दिशा द्यायची, हा खरा प्रश्न आहे. मी सात अग्रक्रम ठरवले आहेत: पाणी, घरं, रस्ते, दवाखाना, शाळा, हिरवाई आणि पारदर्शक कारभार. यातलं मोठं काम म्हणजे आपल्या गावाच्या वरच्या माळावर दोन हजार घरांची नियोजित वसाहत. लोक विचारणार, तिथे पाणी कुठून येणार. आणि याचं उत्तर जिल्ह्यात एकाच माणसाकडे आहे. तीस वर्षांत तुमच्याइतक्या बोअर कुणीही मारलेल्या नाहीत. तुमची ती लाल पुठ्ठ्याची वही महिनाभर द्याल का? पत्रकावर 'ज्येष्ठ जलतज्ज्ञ' म्हणून तुमचं नावही घालावं म्हणतो.

आमचं कार्यालय जिल्ह्याच्या गावी टायरच्या दुकानावरच्या खोलीत आहे, माझा मुक्कामही सध्या तिथेच. खुर्च्या कमी आहेत, उत्साह भरपूर आहे. एक सल्लागार नेमले आहेत, फार हुशार माणूस, उकाड्यातही टाय लावतात.

तुमचा भाचा


६ फेब्रुवारी

चि. उमेदवारास,
मामाचा आशीर्वाद. मताचं मागाहून बघू.

पत्राबरोबर आलेला तुझ्या पत्रकाचा कच्चा मसुदा चष्मा पुसून वाचला. सात अग्रक्रम आहेत आणि सातही कलमांची सुरुवात 'सर्वप्रथम'नं आहे. माझ्याकडे मशीन एकच, त्यामुळे माझ्या कामाला क्रम लागतो. आज या मळ्यात, उद्या त्या शाळेत. एकाच दिवशी सात ठिकाणी भोकं पाडायला निघालो तर सातही अर्धवट राहतील आणि सात माणसं माझ्या दारात येऊन उभी राहतील. मंडळाकडे मशीनही जास्त असतील आणि दारंही.

हिरवाईचं कलम मात्र आवडलं. माळावर दोन हजार घरं बांधून उरलेल्या जागेत हिरवाई म्हणजे कुंडीतच, ना?

जलतज्ज्ञ म्हणशील तर मी नाही. बोअर फेल का गेली ते जो एसीत बसून समजावून सांगतो तो जलतज्ज्ञ. मी बोअरवाला. फेल गेली की मशीन आवरतो आणि मुकाट्यानं निघतो. माझं शिक्षण म्हणशील तर हे दोन कान. मशीन चालू असलं की मी डोळे मिटून उभा राहतो. मुरूम वेगळा बोलतो, खडक वेगळा, आणि खाली पोकळी आली की आवाज असा सैल पडतो की अंगावर काटा येतो. माणसांचंही फार वेगळं नसतं. तुझ्या पत्रात मधेमधे तसा सैल आवाज येतोय. पहिलंच पत्र आहे, म्हणून सोडून देतो.

वही पाठवतोय. जिवापाड जप. पहिली पानं अगदी सुरुवातीच्या वर्षाची आहेत. तेव्हा हाताखाली माणूस ठेवायची ऐपत नव्हती. रॉडचं एक टोक माझ्या खांद्यावर आणि दुसरं तुझ्या आईच्या. तिचा डावा खांदा आजही खाली आहे, तो फॅशन म्हणून नव्हे. वही कशी वाचायची ते तुला सांगायला नको. शाळेला सुट्टी लागली की तूच माझ्या गाडीच्या टपावर बसून रॉड मोजायचास.

तुझ्या सल्लागाराला सांग, टाय लावून मशीनजवळ यायचं नाही. फिरत्या रॉडला हुशारी कळत नाही.

मामा


१९ फेब्रुवारी

ती. मामांना,
धावपळीतून सवड काढून केलेला नमस्कार.

वहीनं चमत्कार केला आहे. सोबत पत्रक जोडलं आहे, गुळगुळीत कागदावर, चार रंगांत. आपल्या गावात आणि आसपासच्या वस्त्यांत पाच हजार प्रती वाटून झाल्या. पहिल्या पानावरचं निळ्या चौकटीतलं वाक्य बघा: 'माळावर पाणी फक्त अठरा फुटांवर! पिढ्यान्‌पिढ्यांच्या नोंदींचा पुरावा.' या एका ओळीनं वातावरण फिरलं आहे. समोरचे उमेदवार, आपले सिमेंटवाले हो, आतापर्यंत माळ कोरडा आहे म्हणून प्रचार करत होते. परवापासून गप्प आहेत.

दहा मार्चला संध्याकाळी पाचला माळावरच जाहीर सभा ठेवली आहे. तुम्ही व्यासपीठावर हवेत. बोलायची गरज नाही, नुसतं बसा. तुमच्याकडे बघितलं की लोकांना पाणी दिसतं, असं सल्लागार म्हणतात.

तुमचा भाचा


२२ फेब्रुवारी

चि. उमेदवारास,
अठरा आशीर्वाद. फूट की रॉड ते तूच ठरव.

पत्रक मिळालं. कागद खरंच गुळगुळीत आहे. तुझी मामी म्हणाली, कपाटाच्या फळीवर घालायला चांगला. निळी चौकट तीनदा वाचली. मग अंगणात जाऊन माळाकडे बघून आलो. म्हटलं, तीस वर्षांत जमीन आपणहून वर आली की काय.

अरे, ते अठरा रॉड आहेत. वहीत पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सगळे आकडे रॉडचे आहेत, कारण बोअरवाला रॉडच मोजतो. भोकात फूटपट्टी जात नाही. एक रॉड वीस फुटांचा. गुणाकार सल्लागाराकडून करून घे. टाय सैल करून केला तरी तीनशे साठच येतील. आणि तिथे लागलेलं पाणी म्हणजे पेन्सिलीएवढी धार. चार घरांना पुरेल, पाचव्यानं बादली घेऊन शेजारी जायचं. तुझी घरं दोन हजार. माळावरच्या बाकी अकरा बोअर फेल आहेत. त्याही वहीत आहेत, त्यांना निळी चौकट मिळालेली दिसत नाही.

छापणाऱ्याच्या हातून झालं असेल. होतं असं. छापणाऱ्याला रॉड काय माहीत. तेव्हा दुरुस्ती छापून टाक आणि मोकळा हो.

सभेला येतो. नुसतं बसणं मात्र जमणार नाही, बसलो की मला झोप लागते. त्यापेक्षा मशीनच घेऊन येतो. व्यासपीठाशेजारी उभं करू आणि तुझं भाषण चालू असताना अठरा फूट मारू. एक रॉडसुद्धा पुरता लागणार नाही, दहा मिनिटांचं काम. पाणी लागलं की पहिला पेला सल्लागारांना.

मामा


२५ फेब्रुवारी

ती. मामांना,
कळकळीचा नमस्कार.

तुम्ही म्हणता तशी ती छपाईतलीच चूक आहे. मला फार वाईट वाटलं. पण आता दुरुस्ती छापणं व्यवहार्य नाही. सल्लागारांचं म्हणणं असं की आकडा लोकांच्या लक्षात राहतो, फूट की रॉड हे कुणाच्या लक्षात राहत नाही. शिवाय पाण्याची पातळी ही एक गतिमान गोष्ट आहे. निवडून आल्यावर आपण शास्त्रशुद्ध अभ्यास करून घेऊ आणि सविस्तर अहवालात योग्य ते आकडे येतीलच. आज फक्त दिशा महत्त्वाची.

मामा, मी नोकरी सोडून यात उतरलो आहे. ही जागा गेली तर मला परत कोण उभं करणार? सिमेंटवाले निवडून आले तर ते माळावर दोन नाही, चार हजार घरं बांधतील. मी निदान सात अग्रक्रम तरी ठेवले आहेत.

मशीन आणू नका, हात जोडून सांगतो. धूळ फार उडते आणि पुढच्या रांगेत ज्येष्ठ नागरिक असतील.

तुमचा भाचा


१ मार्च

चि. भाच्यास,
आज उमेदवार म्हणत नाही, त्यावरून काय ते समज.

पातळी गतिमान आहे हे खरं. दरवर्षी खाली जाते. तुझ्या सल्लागाराला या धंद्यात घेतला पाहिजे. फेल बोअरवर उभा राहून तो मालकाला सांगेल, पाणी नसलं तरी दिशा बरोबर आहे.

छापणाऱ्याची चूक हे मी तुला सुचवलं होतं, आणि तू ते दुकानातून घेतलेल्या शर्टासारखं लगेच अंगात घातलंस. मापाला बसलं का तेही बघितलं नाहीस. मी तेव्हाच समजलो. टपावर बसून रॉड मोजणाऱ्याला रॉड म्हणजे काय हे विसरता येत नाही. आवाज सैल पडला की खाली काय असतं, ते मी तुला आधीच लिहिलं होतं.

आता खरं कारण सांगतो, कशासाठी एवढा कागद खर्च करतोय ते.

तुझ्या आईनं तुझं पत्रक उशीखाली ठेवलंय. आठ दिवस झाले, रोज सकाळी चहाच्या वेळी ती भिंतीपाशी येते आणि तेच विचारते: अठरा फूट म्हणजे दोरी केवढी लागेल रे? परवा तिनं अंगणातली कपड्यांची दोरी सोडली आणि फरशीवर पसरून मोजली. बावीस भरली. म्हणाली, पुरून उरेल. माळावरच्या वसाहतीत पहिला प्लॉट आपला, इथलं घर सोडून ती तिकडे राहायला जाणार. ट्रंक बाहेर काढून उन्हात ठेवलीय. मी म्हटलं, ताई, जरा थांब, निवडणूक होऊ दे. तर म्हणाली, छापील कागदावर माझा मुलगा खोटं लिहिणार नाही.

मी पुढे बोललो नाही. मुलाचं असलं काही आईला सांगायचं असेल तर ते मुलानं सांगावं, मामानं नव्हे. पण लक्षात घे, असल्या पाच हजार ट्रंका उन्हात पडल्या असतील. त्यातल्या चार हजार नऊशे नव्व्याण्णव तुला दिसत नाहीत. एक तरी बघ.

दहा तारखेला मशीन माळावर असेल. गर्दीच्या मागे, खांब उभा करून. तू फूट म्हणालास तर मी इंजिन चालू करीन. रॉड म्हणालास तर किल्ली खिशात ठेवून टाळ्या वाजवीन.

मामा


१८ मार्च

ती. मामांना,
साधा नमस्कार. आता दुसरा कुठला उरलेला नाही.

निकाल तुम्हाला कळलाच असेल. दोनशे बारा मतांनी पडलो.

सभेचं अर्धंच तुम्ही पाहिलंत. मी रॉड म्हणालो, तुम्ही दोन टाळ्या वाजवल्यात आणि गाडी वळवून निघून गेलात. थांबला असतात तर बरं झालं असतं, पण तुमचं तेच खरं, मशीन आवरायचं आणि मुकाट्यानं निघायचं. म्हणून पुढचं सांगतो.

आधी कबूल करतो. छापणाऱ्याची चूक नव्हती. वही उघडली त्याच दिवशी मला ते अठरा रॉड आहेत हे ठाऊक होतं. सल्लागारांनी विचारलं, अठरा काय? मी उत्तर दिलं नाही. त्यांनी फूट लिहिलं आणि मी खोडलं नाही. इतकंच झालं. एवढंसं वाटलं होतं.

सभेतही मी फूटच म्हणणार होतो. मागे तुमच्या मशीनचा खांब दिसत होता, त्याचीही मला भीती वाटली नाही. सल्लागारांनी ध्वनिवर्धक मोठा लावून ठेवला होता. पण पहिल्या रांगेत आई बसली होती आणि तिच्या मांडीवर ती कपड्यांची दोरी होती, व्यवस्थित गुंडाळी करून. ती माझ्याकडे बघतही नव्हती, दोरीची गाठ सोडवत होती. माझ्या तोंडून फुटाचा फ निघेना.

मी सगळं सांगितलं. अठरा रॉड, तीनशे साठ फूट, पेन्सिलीएवढी धार, अकरा फेल. कुणी आरडाओरडा केला नाही. फक्त खुर्च्या सरकल्याचा आवाज आला. एका बाईंनी विचारलं, मग अग्रक्रमांचं काय? मी म्हटलं, आता एकच आहे. आधी पाणी शोधायचं, आणि ते जेवढ्या घरांना पुरेल तेवढीच घरं बांधायची. बाकीचे सहा त्याच्या मागे रांगेत. कुणीतरी म्हणालं, हे दोन आठवड्यांपूर्वी सांगितलं असतंस तर मत दिलं असतं. ते बरोबर होतं. सल्लागारांनी टाय काढून खिशात घातला आणि ते आपल्या गाडीतून निघून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी सिमेंटवाल्यांचं पत्रक आलं: 'माळावर पाणी पंधरा फुटांवर!' ते निवडून आले.

आता आईचं. सभेहून घरी आलो, तिच्या समोर जाऊन उभा राहिलो. म्हटलं, आई, चुकलो, तुझी ट्रंक आत ठेवतो. तिनं ती दोरी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, आधी ही बांध, ओले कपडे बादलीत तसेच पडलेत. बांधली. मग तिनं वही मागितली, पहिलं पान उघडलं आणि त्या अठरावर बोट ठेवलं.

"हे अक्षर कुणाचं?"

मी म्हटलं, मामांचं.

"तुझ्या मामाचे हात तेव्हा कोपरापर्यंत ग्रीसनं भरलेले असायचे, तो कशानं लिहील? मी लिहिलंय. अठरा वेळा खांद्यावर घेतलाय तो रॉड. मला फूट सांगतोस?"

मामा, तिला पत्रक हातात पडलं त्या दिवसापासून माहीत होतं. वही परत पाठवतो आहे. तुम्हीच बघा.

भाचा


२१ मार्च

चि. भाच्यास,
आशीर्वाद, आणि या खेपेला मतसुद्धा. ते सोळा तारखेलाच दिलं होतं, सांगायचं राहिलं.

वही पोचली. पहिलं पान काढून अंगणात उजेडात धरलं. आठाची शेपटी वर वळलेली आहे. तशी शेपटी या घराण्यात एकच माणूस काढतं. ती पानं मी तीस वर्षांत शंभरदा तरी उलटली असतील, आणि लोकांना ऐट दाखवत फिरतो की जमिनीखालचं मला वर उभं राहून ऐकू येतं.

वही काखेत घेऊन शेजारी गेलो. ताई ट्रंकेत गोधड्या भरत होती. दरवर्षी उन्हाळ्याच्या तोंडी भरते, हेही मला आत्ता आठवलं. म्हटलं, ताई, आठ दिवस रोज भिंतीशी येऊन दोरीचं विचारत होतीस, ते काय होतं? म्हणाली, तुला सरळ सांगितलं असतं तर तू त्याला नुसता खिजवत बसला असतास. आणि त्याला सांगितलं असतं तर त्यानं पुढच्या पत्रकात माझा फोटो छापला असता. मग चहा ठेवला आणि म्हणाली, तुम्हा दोघांनाही ऐकू कमीच येतं, तोंड मात्र चालतं.

चहा गोड होता. मी ऐकून घेतलं.

काल सिमेंटवाल्यांचा माणूस आला होता. माळावर पंधरा फुटांची बोअर मारून द्या म्हणाला, उद्घाटनाला कारंजं उडवायचंय. मी त्याला म्हटलं, माझ्याकडे कामांची यादी आहे आणि तुमचं काम त्यात सर्वप्रथम आहे, सातव्या क्रमांकावर. तो खूश होऊन गेला. तुझ्याकडून एवढं तरी शिकलो.

पडलास ते बरंच झालं असं काही मी म्हणणार नाही. पडलं की लागतं. पण दोनशे बारा म्हणजे फार खोल नाही, पाच वर्षांत गाठता येईल. तोवर लोकांना सांगायला तुझ्याकडे एक खरा आकडा आहे, समोरच्याकडे तोही नाही.

तू म्हणालास, आधी पाणी शोधायचं. बोललास तर खरं. गावाच्या खालच्या अंगाला, जुन्या शाळेच्या मागे, मला बरीच वर्षं एक जागा खुणावते आहे. रविवारी सकाळी सातला मशीन तिथे लावतोय. पाणी लागेल की फेल जाईल, ते खाली गेल्याशिवाय कळणार नाही. पत्रक काढू नकोस. वहीत नवं पान उघडलंय, आणि आकडे लिहायला तुझी आई स्वतः खुर्ची घेऊन बसणार आहे. मी चष्मा आणि तोंड दोन्ही घरी ठेवून येईन.

तू जुने कपडे घालून ये. रॉडचं एक टोक मी धरीन. दुसऱ्या टोकाला खांदा हवाय.

मामा